मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची किती?

मांजराच्या वयाला सातने गुणलं की माणसाचं वय निघतं, हा हिशोब कुत्र्यांवरून मांजरांवर आला आणि तो दोघांनाही लागू पडत नाही. पडताळून बघायला फार डोकं लागत नाही. एक वर्षाची मांजरी सातने गुणली की पहिली-दुसरीतली मुलगी ठरते, पण प्रत्यक्षात ती तोवर दोनदा व्यालेली असू शकते. दुसऱ्या टोकाला वीस वर्षांचं मांजर १४० वर्षांचं होतं. वीस वर्षांची मांजरं क्वचित का होईना, पण असतात. १४० वर्षांचा माणूस कुणी पाहिलेला नाही.

पशुवैद्य वापरतात तो हिशोब वेगळा आहे. मांजराचं पहिलं वर्ष माणसाच्या १५ वर्षांएवढं. दुसऱ्या वर्षाची ९ त्यात घाला, म्हणजे दोन वर्षांचं मांजर २४ वर्षांच्या माणसाच्या जोडीचं. तिथून पुढे दर वर्षाला ४. पाच वर्षांचं मांजर ३६, सात वर्षांचं ४४, दहाचं ५६, बाराचं ६४, पंधराचं ७६, अठराचं ८८.

हा हिशोबही ताणला तर तुटतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात क्रीम पफ नावाची मांजरी ३ ऑगस्ट १९६७ रोजी जन्मली आणि ६ ऑगस्ट २००५ रोजी गेली. ३८ वर्षं आणि ३ दिवस, हा मांजराच्या आयुष्याचा नोंदलेला विक्रम आहे. सूत्रात घातलं तर तिचं वय १६८ येतं! म्हणजे हे कोष्टक साधारण वीस वर्षांपर्यंतच कामाचं. तिथंही ते फक्त अंदाज देतं, कारण मांजराच्या शरीरातली प्रत्येक गोष्ट एकाच वेगाने म्हातारी होत नाही. दात एका गतीने पक्के होतात, हाडं दुसऱ्या, गर्भाशय तिसऱ्याच. माणसाचं बालपण लांबलचक आहे. मांजराला चार महिन्यांत शिकार शिकून स्वतःचं पोट भरायला लागायचं असतं, म्हणून सगळं सुरुवातीला कोंबलेलं. हे ध्यानात आलं की आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा ठरतो. पिल्लाच्या बाबतीत विचार दिवसांचा करायचा, तरुण मांजराच्या बाबतीत वर्षांचा, आणि म्हाताऱ्याच्या बाबतीत पुन्हा महिन्यांचा.

पहिले आठ आठवडे

खान्देशात आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास पोत्यांच्या थप्पीमागे, केळीच्या खळ्यात, बंद पडलेल्या गाडीखाली पिल्लं सापडतात आणि प्रश्न पडतो, ही किती दिवसांची? त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. नाळेचा वाळलेला तुकडा दिसत असेल तर ते तीन-चार दिवसांच्या आतलं समजा. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात, पण नजर लगेच बसत नाही. दोन आठवड्यांच्या आसपास कान उभे राहू लागतात. पुढचे बारीक दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिरडीतून टोचायला लागतात, सुळे तिसऱ्या-चौथ्यात, दाढा चौथ्या ते सहाव्यात. तीन आठवड्यांचं पिल्लू झोकांड्या खात चालतं, चार आठवड्यांचं शेपूट उभी धरून पळतं. सगळ्या पिल्लांचे डोळे आधी निळसर असतात, खरा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर यायला लागतो. तेव्हा निळे डोळे बघून पिल्लू परदेशी जातीचं आहे असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर थोडं थांबा.

वजन सगळ्यात भरवशाचं. पोटभर खाणारं पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅमने वाढतं आणि दर महिन्याला अंदाजे ४५० ग्रॅम जोडतं. एका महिन्याचं साडेचारशे ग्रॅम, दोन महिन्यांचं नऊशे, तीनचं साधारण १३५०. किराणा दुकानातला किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वर डबा ठेवून शून्य करा आणि रोज एकाच वेळी मोजा. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही तर काहीतरी बिघडलंय. कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना. या वयात एक दिवस म्हणजे माणसाच्या बाळाचे अनेक दिवस. उद्या बघू म्हणायला सवड नसते.

आई आसपास असेल तर पिल्लं उचलू नका. ती शिकारीला गेलेली असते. काही तास लांबून लक्ष ठेवा. ऊन थेट पडत असेल तर तेवढ्यापुरतं खोकं सावलीत सरकवा.

आई येतच नाही अशी खात्री झाली तर आधी ऊब, मग पाणी, मग दूध, हा क्रम मोडायचा नाही. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. त्याला दूध पाजलं तर ते आत कुजतं किंवा फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवतीची हवा २९ ते ३२ अंश हवी, कारण तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हा प्रश्न उलटा होतो. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पत्र्याखाली तर त्याहून वर. तिथे खोकं जमिनीलगत, कूलरच्या थेट झोतात न येईल अशा गार खोलीत ठेवायचं. डिसेंबरात मात्र कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला नको झालं तर दुसरीकडे सरकता येतं.

दुधाचं काय? गाईच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हशीचं दूध फॅटने जाड असतं, पण प्रथिनांत तेही कमीच पडतं. अशा दुधावर पिल्लाचं पोट भरतं, वाढ होत नाही, आणि बहुतेकदा हगवण लागते. औषधाच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच डब्यावरच्या मापाने कोमट पाण्यात कालवायची. जळगाव, धुळ्यात मिळून जाते. तालुक्याच्या गावी मागवून घ्यावी लागेल, म्हणून पशुवैद्याला आधीच विचारून ठेवावं. एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे ४ मिली, याहून जास्त नाही, कारण पोटच तेवढं असतं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. तिसऱ्या आठवड्यात दर चार-पाच तासांनी चालतं.

पाजताना पिल्लू पालथं, आईखाली पडून पितं तसं. बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनळीत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. हाताने वाढवलेली पिल्लं दगावण्याचं हे मोठं कारण आहे. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकं पुसायचं. तीन आठवड्यांपर्यंत आईने चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शू करता येत नाही, आणि हे न केल्यास मूत्राशय तुंबतं.

चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करा, आठव्यापर्यंत दूध पूर्ण सुटतं. दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारं विकर मांजराच्या आतड्यात कमी होत जातं. म्हणून मोठ्या मांजराला वाटीभर दूध म्हणजे लाड कमी आणि जुलाब जास्त. काहींना पचतं, पण गरज कुणालाच नसते.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडते आणि ती दिसत नाही. या काळात पिल्लू ज्यांच्या हातात खेळतं, त्यांना ते आयुष्यभर आपलं मानतं. माणसाचा हात, मुलांचा गोंगाट, मिक्सरचा आवाज, शांत कुत्रा हे सगळं याच पाच आठवड्यांत ओळखीचं झालं पाहिजे. माणसाच्या बाळाला यासाठी काही वर्षं मिळतात. तीन महिन्यांनी धरून आणलेलं रानटी पिल्लू माणसाळतं, पण फार सावकाश, आणि कधी फक्त एकाच माणसापुरतं. दुसरी बाजूही आहे. आठ आठवड्यांच्या आत आई-भावंडांपासून तोडलेलं पिल्लू चावण्याची मर्यादा शिकत नाही, कारण ती त्याला भावंडंच शिकवतात.

जंताचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्यापर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, प्रत्येक वेळी वजन करून. लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकच डोस देऊन थांबलं तर काय बिघडतं? आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लसही निकामी करते. ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर.

चार ते सहा महिने: कोष्टक इथे सगळ्यात जास्त फसवतं

कोष्टकात सहा महिन्यांचं मांजर दहा वर्षांच्या मुलाएवढं दाखवतात. अंगाने, खेळण्याने ते बरोबरही आहे. दुधाचे २६ दात पडून ३० पक्के दात याच सुमारास पूर्ण होतात. पण प्रजननाचं घड्याळ पुढे धावतं. मादी चौथ्या ते सहाव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर येऊ शकते. गाभणपण ६३ ते ६५ दिवसांचं. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते.

सणांवर मोजून बघा. आखाजीला जन्मलेली मांजरी श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी साधारण तीन महिन्यांची, अजून पिल्लूच. दसऱ्याला साधारण पाच महिन्यांची, म्हणजे वयात आलेली. तेव्हा बोका भेटला तर डिसेंबरात घरात चार पिल्लं. आणि पुढच्या आखाजीपर्यंत, वर्षाची व्हायच्या आत, दुसरं वेत.

माजावर आलेली मांजरी आजारी वाटते असं सांगत लोक दवाखान्यात येतात. ती रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, पाठीवर हात ठेवला की पुढचं अंग खाली दाबून मागचं वर करते. दुखणं काही नसतं. मांजरीत बीज आपोआप सुटत नाही, मीलन झाल्यावर सुटतं. बोका मिळाला नाही तर ती आठवडाभराने शांत होते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू. हे चक्र दिवसाच्या उजेडावर चालतं. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फारच लहान होतो आणि मांजरींना महिनोन् महिने खंड मिळतो. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो, वर घरातले दिवे, त्यामुळे खंड पडला तरी छोटा.

नसबंदी पाच महिन्यांच्या आत करून घ्यावी, ही आता पशुवैद्यांत रुळलेली शिफारस आहे. एक वेत होऊ द्यावं म्हणजे मांजरी शांत होते, या समजुतीला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका खूप घटतो. बोक्याला याच वयात करून घेतलं तर जागोजागी मुतून हद्द आखण्याची सवय लागायच्या आधीच थांबते. नंतर मारामाऱ्या कमी, आणि चाव्यातून पसरणारे विषाणूही कमी. शस्त्रक्रियेआधी उपाशी किती वेळ ठेवायचं हे डॉक्टरांना नक्की विचारा. लहान पिल्लाची रक्तातली साखर पटकन उतरते, त्याला मोठ्यांसारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. आणि घरी आल्यावर एक बदल लक्षात ठेवा. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज पंचवीस ते तीस टक्क्यांनी घटते, भूक मात्र वाढते. वाटी तीच राहिली तर वर्षभरात मांजर गोल होतं आणि दोष शस्त्रक्रियेला मिळतो.

वयात आलं म्हणजे वाढ संपली असं नाही. हाडांची टोकं आठव्या ते चौदाव्या महिन्यात पक्की होतात, नसबंदी केलेल्या बोक्यांत त्याहून उशिरा. मेन कून सारख्या मोठ्या जाती तीन-चार वर्षांपर्यंत भरत राहतात. पिल्लांचं खाद्य म्हणूनच वर्षभर चालू ठेवायचं.

एक ते दहा

इथे सांगण्यासारखं कमी, कारण बिघडतंही कमी. एक ते सहा वर्षं ऐन तारुण्य, सात ते दहा प्रौढपण. वर्षातून एकदा तपासणी आणि लस.

खाण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. खान्देशातल्या पुष्कळ घरांत मांजर दूध-भाकरीवर राहतं, बाकी उंदीर ते स्वतःच शोधतं. गावात, दादरच्या (ज्वारीच्या) कोठीपाशी, हे चालून जातं, कारण उंदरातून त्याला हवं ते मिळतं. तेच मांजर फ्लॅटमध्ये बंद झालं आणि भाकरी-दूध तसंच राहिलं की पंचाईत होते. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही आणि ते फक्त मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू ताणून सैल होतो आणि डोळ्याचा पडदा झिजतो. हे दिसायला महिने लागतात, म्हणून कुणी जेवणाशी जोडत नाही. हृदयाचा संबंध १९८७ साली संशोधनातून सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन पुरेसं घातलं जाऊ लागलं. गाजर-भोपळ्यातून जीवनसत्त्व अ सुद्धा मांजराला बनवता येत नाही. घरात मांसाहार चालत नसेल तर तयार खाद्य हा सरळ मार्ग. घरी चिकन शिजवत असाल तर शिजवलेलं पाणी टाकू नका, टॉरिन त्यात उतरतं. पण नुसतं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं.

सात ते दहा या वयात पोट सुटतं. बरगड्यांवरून हात फिरवा. त्या दाबल्याशिवाय जाणवत नसतील तर मांजर जाड आहे. बारीक करायचं ते सावकाश. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की चरबी यकृतात साचते आणि ते जिवावर बेततं. पोरं उपास धरतात तसा मांजराला कधीही धरायला लावायचा नाही.

रस्त्यावरून आणलेल्या मोठ्या मांजराचं वय किती? दात पांढरेशुभ्र असतील तर वर्षाच्या आसपास. मागच्या दाढांवर पिवळेपणा दिसू लागला की दोनच्या जवळ. बहुतेक दातांवर किटण चढलं की तीन ते पाच. त्यापुढे दात खोटं बोलतात. नुसत्या मऊ खाण्यावर वाढलेल्या चार वर्षांच्या मांजराचे दात आठ वर्षांचे दिसू शकतात. मग डोळ्याचं भिंग बघायचं. दहा वर्षांनंतर त्यात निळसर-राखाडी धुकं दिसतं. हा मोतीबिंदू नाही, वयाने भिंग घट्ट झालेलं असतं आणि मांजराला दिसतही असतं. बुबुळाच्या कडा झिजून खरखरीत दिसणं हीसुद्धा उतारवयाची खूण.

अकराच्या पुढे

ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०२४ साली काढलेलं पाळीव मांजराचं जन्मवेळचं सरासरी आयुर्मान साधारण ११.७ वर्षं आहे. लहानपणी दगावलेली मांजरंही त्यात धरलेली आहेत, म्हणून घरात जपलेलं मांजर पंधरा-सोळा वर्षं जगलं तर नवल नाही. पण मांजर दुखणं लपवतं. एकट्याने शिकार करणाऱ्या आणि स्वतःही शिकार होऊ शकणाऱ्या प्राण्याला लंगडणं दाखवून परवडत नाही. म्हणून म्हातारपण वागण्यातून ओळखावं लागतं, आणि वजनातून.

वजनाबद्दल आकडाच सांगतो. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम गेले म्हणजे पाच टक्के गेले. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेल्यासारखं. हाताला ते कळत नाही, काट्याला कळतं. दहा वर्षांनंतर महिन्याला एकदा वजन लिहून ठेवा. बारानंतर बऱ्याच मांजरांत चरबी आणि प्रथिनं पचवण्याची ताकद उतरते, म्हणून म्हाताऱ्या मांजराला माणसासारखं हलकंफुलकं, भाताचं जेवण द्यायची चूक करू नका. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर त्याला चांगलं प्रथिन जास्तच लागतं.

मूत्रपिंडं हा म्हाताऱ्या मांजराचा सगळ्यात मोठा प्रश्न. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात ते टाकाऊ द्रव्य) वर जातं तोवर साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. त्याआधी लघवी पातळ होते. म्हणून रक्ताबरोबर लघवीची तपासणीही मागा, तिची घनता १.०३५ च्या खाली असेल तर डॉक्टर पुढे शोध घेतील. घरात दिसणारी खूण म्हणजे पाणी जास्त पिणं. मांजराला दिवसाला किलोमागे ५० मिलीच्या आसपास पाणी लागतं, त्यात खाण्यातलंही धरलेलं. किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे चार किलोच्या मांजराने ४०० मिली पाणी प्यायलं, तर तपासणी हवीच.

आता खान्देशातल्या मे महिन्यात हे मोजायचं कसं? वाटीतलं पाणी मांजरापेक्षा हवाच जास्त पिते. उपाय सोपा आहे. एकाच मापाच्या दोन वाट्या घ्या, दोन्हींत २५० मिली पाणी ओता. एक मांजरासाठी, दुसरी त्याच खोलीत पण जाळीखाली. चोवीस तासांनी दोन्ही मोजा. जाळीखालची जेवढी घटली तेवढं उडालं, ते वजा करा. मांजराची वाटी दिवसात रिकामी होत असेल तर मोजून भर घाला. तीन दिवस करा, एका दिवसावर विसंबू नका. आणि या वयात उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून लांब, पसरट भांड्यात. पाण्यात थोडं बिनमिठाचं, बिनकांदा-लसणाचं चिकनचं पाणी मिसळलं तर अंगात जास्त जातं. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातलं मटण तर लांबच ठेवा. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते कुत्र्यासारखं गार होत नसतं. मांजरात ती धोक्याची खूण आहे. अंग ओलसर करा, पंख्याखाली ठेवा आणि निघा.

भूक वाढलीय, तरी हाडं दिसतायत, रात्री ओरडतंय, चंचल झालंय, असं दहाच्या पुढच्या मांजरात दिसलं तर थायरॉइडची तपासणी. लोक याला भरात आलं म्हणतात आणि महिने घालवतात. एका दिवसात अचानक आंधळं झालेलं, बाहुल्या मोठ्या झालेलं मांजर हे बहुधा रक्तदाबाचं प्रकरण असतं. त्याच दिवशी उपचार मिळाले तर काही वेळा नजर परत येते.

सांध्यांबद्दल एक जुनी नोंद बोलकी आहे. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या एक्स-रेंचा अमेरिकेतला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात नव्वद मांजरांत झीज दिसली. त्यातली बहुतेक लंगडत नव्हती. मग घरात काय दिसतं? आधी एका उडीत ओट्यावर जाणारं मांजर आता स्टुलावरून जातं. धाब्यावर (घराच्या छतावर) जायचं सोडून जिन्याच्या खालच्या पायरीवर झोपतं. पाठीचे, कमरेचे केस गुठळ्यांनी भरतात, कारण तिथपर्यंत वळून चाटता येत नाही. वाळूच्या ट्रेबाहेर शी करतं, कारण ट्रेची कड ओलांडताना दुखतं. हे हट्टीपण नाही. ट्रेची एक बाजू चार बोटांएवढी कापून खाली करा, आवडत्या जागेपाशी एक खोकं पायरी म्हणून ठेवा, आणि डिसेंबर-जानेवारीत फरशीवर जाड गोधडी. नखंही बघा. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, झिजत नाहीत आणि वळून गादीत रुततात. दोन-तीन आठवड्यांनी टोक तेवढं कापायचं, गुलाबी भाग सोडून.

डोकंही म्हातारं होतं. अकरा ते चौदा वर्षांच्या सुमारे २८ टक्के मांजरांत आणि पंधरापुढच्या निम्म्याहून अधिक मांजरांत वागणुकीचा निदान एखादा वयोमानाचा बदल आढळतो. रात्री उगाच हाक मारणं, ओळखीच्या खोलीत हरवणं, कोपऱ्याकडे तोंड करून उभं राहणं. मात्र हे वयाचंच आहे असं म्हणण्याआधी मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तदाब आणि दात या चार गोष्टी तपासून घ्याव्या, कारण चारही उपचाराने सुधारतात किंवा आटोक्यात राहतात.

या वयात तपासणी वर्षाला एकदा पुरत नाही, सहा महिन्यांनी लागते. साधं गणित आहे. सहा महिने म्हणजे माणसाची दोन वर्षं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी बघत असतात. त्यांच्याकडे मांजर नेताना वजनाची, पाण्याची वही आणि उडी मारतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत असला तर अर्धं काम होतं. टेबलावर घाबरून बसलेलं मांजर लंगडून दाखवत नाही.

औषध मात्र विचारल्याशिवाय एकही नको. सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणं हा मांजराला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ती गोळी निकामी करणारी यंत्रणाच मांजराच्या यकृतात अपुरी असते. अर्ध्या गोळीनेही रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या मानेवर टाकलं तर आचके सुरू होतात. यातलं काही दिलं गेलंच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. जाताना गोळीचं पाकीट किंवा औषधाची बाटली घेऊन जा. किती दिलं आणि किती वाजता दिलं, हे दोन प्रश्न डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील.